नसलेली ग्रंथी

दिवसभर नेमकं काय करता, असं कोणी विचारलं तर ‘रेघा मारते’ हेच माझं प्रामाणिक उत्तर असेल. मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी ट्रस्टच्या रुग्णालयात काम करते. पेशंट मला ‘लाइट देणाऱ्या मॅडम’ म्हणतात, पण लाइट देणारं मशीन टेक्नॉलॉजिस्ट चालवतात आणि डोसचं गणित फिजिसिस्ट मांडतात. माझ्या वाट्याला येतं ते स्कॅनवर हद्दी आखण्याचं काम. इथे रोग होता, इथे तो लपून राहिलेला असू शकतो, आणि इथे किरण अजिबात जाता कामा नयेत.

तोंडाच्या कॅन्सरचंच उदाहरण घेते, कारण आमच्या ओपीडीत त्याचीच गर्दी. ग्लोबोकॅनच्या २०२२च्या अंदाजानुसार देशात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण एका वर्षात सापडले. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. बंदीचा परिणाम किती झाला ते आमच्या बाकांवर येऊन बघावं. ऑपरेशन होऊन टाके सुकले की पेशंट आमच्याकडे येतो. आधी त्याचा मास्क बनवायचा. जाळीदार प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवली की काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकारात कडक होते. पुढे सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, हाच मास्क टेबलाला अडकवून त्यात त्याला निश्चल पडून राहायचं असतं. पहिल्या दिवशी भल्याभल्यांचा जीव गुदमरतो. मास्क झाला की सीटी स्कॅन. कवटीपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत, पावाच्या कापांसारखे, तीन-तीन मिलिमीटरचे शंभराहून जास्त काप. त्या एकेका कापावर माउसने रेघा काढायच्या: मज्जारज्जू, ब्रेनस्टेम, डोळे, दृष्टीच्या नसा, आतले कान, जबडा, स्वरयंत्र, गिळण्याचे स्नायू, कानांखालच्या दोन पॅरोटिड ग्रंथी. हे सगळं झालं की मग मुख्य काम, म्हणजे रोगाच्या जागेची हद्द.

या रेघांना एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. रोगाच्या जागेला ६० ते ६६ ग्रे इतका डोस पोचवायचा असतो, आणि तिथून काही सेंटिमीटरवर असलेल्या मज्जारज्जूला मात्र ४५च्या आसपास थांबवायचं असतं. पॅरोटिड ग्रंथीचा सरासरी डोस २६ ग्रेच्या आत राहिला तर लाळ पुन्हा सुटू लागण्याची आशा असते. ब्रिटनमधल्या ‘पार्सपोर्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०११मध्ये आले. ग्रंथी वाचवून किरण दिलेल्या रुग्णांपैकी ३८ टक्क्यांना वर्षभरानंतरही तोंड कोरडं पडण्याचा लक्षणीय त्रास होता. जुन्या पद्धतीने दिलेल्यांत तोच आकडा ७४ टक्के होता. कोरडं तोंड ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्याला भाकरीचा प्रत्येक घास पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावा लागतो आणि रात्रीतून तीनदा उठून जीभ ओली करावी लागते, त्या माणसाला हा फरक विचारा.

कॉम्प्युटर ग्रंथी ओळखत नाही. मी जिथे रेघ मारीन तेवढाच भाग तो ग्रंथी समजतो आणि त्याला वाचवायला धडपडतो. त्यामुळे रेघ चुकली तर पुढचं सगळं शास्त्र त्या चुकीचीच इमानेइतबारे अंमलबजावणी करतं. आमच्या शिक्षणाच्या काळात एका पेशंटच्या रेघांना सहज दोन-तीन तास जात. ओपीडी, वॉर्ड, केमो सगळं उरकून रात्री जेवण झालं की निवासी डॉक्टर प्लॅनिंग रूममध्ये येऊन बसत. एसी थंडगार, डोळे चुरचुरत, आणि कापामागून काप. मज्जारज्जू तर इतका कंटाळवाणा की हात चालू आणि डोकं बंद अशी अवस्था व्हायची.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अवयव आपोआप आखणारी प्रणाली आली. नाव महत्त्वाचं नाही. अशा बऱ्याच प्रणाली बाजारात आहेत आणि बहुतेकींचं मूळ एकाच जातकुळीचं आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५मध्ये ‘यू-नेट’ नावाची रचना मांडली. तज्ज्ञांनी हाताने आखलेले भरपूर स्कॅन तिला दाखवायचे, मग नव्या स्कॅनमधला कुठला ठिपका कुठल्या अवयवाचा, हे ती स्वतः ठरवते. विक्रेत्याचा माणूस लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने डेमो दिला. स्कॅन टाकला, चहा आला, चहा संपायच्या आत सगळे अवयव रंगीबेरंगी रेघांत हजर. खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. आमचे फिजिसिस्ट तसे कशानेच भारावत नाहीत, तेही खुर्ची पुढे ओढून बसले. माझं लक्ष मात्र दुसरीकडेच गेलं होतं. डेमोतल्या पेशंटचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते आणि जबडा अखंड. असा पेशंट आमच्याकडे शेवटचा कधी आला होता, ते मी आठवत होते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखरच चांगलं आहे. मज्जारज्जू, ब्रेनस्टेम, डोळे, फुप्फुसं, हृदय हे अवयव ती इतके नीट आखते की मला फार तर दोन-चार कापांवर हात फिरवावा लागतो. डाव्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये हृदय वाचवणं महत्त्वाचं असतं. तिथे ती हृदयाची कड माणसापेक्षा सातत्याने धरते, कारण ती दमत नाही आणि तिला घरी जायची घाई नसते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मूत्राशय आणि मांडीच्या हाडाचे गोळे ती चुटकीसरशी करते. आतडी मात्र तिला जमत नाहीत. खरं सांगायचं तर आम्हालाही फारशी जमत नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२३मध्ये अशा प्रणाली तिथल्या सरकारी रुग्णालयांत वापरायला हिरवा कंदील दाखवला, पण प्रत्येक आखणी प्रशिक्षित माणसाने तपासलीच पाहिजे, या अटीवर.

ती अट किती महत्त्वाची आहे, हे आम्हाला चाचणीच्या काळातच समजलं. उपचार पूर्ण झालेले जुने स्कॅन आम्ही प्रणालीला देऊन पाहत होतो. एका स्कॅनमध्ये डाव्या गालाच्या कॅन्सरचा पेशंट होता. जबड्याचा डावा भाग काढलेला. मानेतल्या लसिका गाठी काढलेल्या, आणि त्यांच्यासोबत जबड्याखालची लाळग्रंथीही. मानेच्या ऑपरेशनमध्ये ती बहुतेक वेळा काढावीच लागते. पडलेला खड्डा भरायला छातीचा स्नायू कातडीसकट गळ्याच्या हाडावरून वर घेतलेला. सर्जन त्याला पीएमएमसी फ्लॅप म्हणतात. प्रणालीने उजवीकडची ग्रंथी बिनचूक आखली. मग डावीकडेही एक आखली. फ्लॅपच्या स्नायूच्या घडीत, एरवी ती जिथे असायला हवी बरोबर तिथेच, छान गोलसर, कडा नेटक्या.

‘मॅडम, ऑपरेशन नोटमध्ये तर ग्रंथी काढल्याचं लिहिलंय,’ आमची निवासी डॉक्टर म्हणाली.

‘मग हे काय आहे?’

‘स्नायू.’ जरा थांबून ती म्हणाली, ‘पण दिसतंय अगदी ग्रंथीसारखं.’

हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसलोही. मग फिजिसिस्टनी त्याच रेघा घेऊन प्लॅन करून बघितला, आणि हसू मावळलं. प्लॅनिंगचा कॉम्प्युटर त्या नसलेल्या ग्रंथीला इमानाने वाचवायला निघाला. तिच्याभोवतीचा डोस त्याने खाली खेचला. ऑपरेशन झालं ती ही जागा, रोग परत यायची भीती सगळ्यात जास्त जिथे असते तीच. म्हणजे जिथे डोस पुरेपूर हवा, नेमका तिथेच तो कमी पडत होता, आणि तेही अस्तित्वातच नसलेल्या अवयवाच्या दयेपोटी. हा प्लॅन कोणा पेशंटवर चालायचा नव्हताच, तो चाचणीपुरता होता. पण त्या दिवसापासून आमच्या विभागात एक नियम झाला: ऑपरेशन नोट आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट वाचल्याशिवाय प्रणालीच्या रेघा स्क्रीनवर उघडायच्याच नाहीत. क्रम महत्त्वाचा. सुबक रेघ एकदा डोळ्यांसमोर आली की माणूस तिच्या बाजूने विचार करायला लागतो, आणि मग नोटमधलं ‘काढली’ हे वाक्यसुद्धा नजरेतून निसटतं.

असं का होतं, याचं कारण गूढ नाही. युरोप-अमेरिकेत डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांत घशाच्या, टॉन्सिलजवळच्या कॅन्सरचं प्रमाण मोठं आहे. त्यातले बरेच एचपीव्ही विषाणूमुळे होतात आणि त्यांना पुष्कळदा ऑपरेशन न करता थेट किरण दिले जातात. त्यामुळे त्या स्कॅनमध्ये चेहऱ्याची रचना मुळाबरहुकूम शिल्लक असते. आपल्याकडचा रोग गालाच्या आतला आणि हिरडीचा. तंबाखूची गोळी जिथे धरून ठेवतात तिथलाच. त्याचा पहिला उपचार ऑपरेशन, आणि ऑपरेशन म्हणजे अर्धा जबडा, गालाचा भाग, मानेच्या गाठी, मग छातीतला किंवा मांडीतला स्नायू नाहीतर पायातलं फिब्युला हाड आणून केलेली दुरुस्ती. हाड जोडायला टायटॅनियमची पट्टी. या पट्टीमुळे सीटीवर चांदण्यांसारख्या पांढऱ्या चिरा उठतात आणि त्यांच्यामागचं काहीच धड दिसत नाही. प्रणाली पट्टीलाच जबडा समजते. तिचा दोष नाही; तिला दाखवलेल्या चेहऱ्यांमध्ये आमच्या बापू-अण्णांचे चेहरे पुरेसे नव्हते. आपल्याकडचे स्कॅन नीट साठवण्याचं काम आता सुरू झालंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलने प्रतिमांची बँक उभारायला घेतली आहे, आणि कोलकात्याचं टाटा मेडिकल सेंटर व खरगपूरची आयआयटी यांनी मिळून ‘छवी’ नावाचा संग्रह केला आहे. हे काम कंटाळवाणं आहे, त्याची बातमी होत नाही. माझ्या मते या क्षेत्रात आज सगळ्यात मोलाचं काम तेच.

बातमी कशाची होते, ते आम्ही पाहिलं आहे. २०१६मध्ये जेफ्री हिंटन या शास्त्रज्ञाने टोरांटोत जाहीर सांगितलं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. पुढे हिंटनना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रेडिओलॉजिस्ट मात्र आजही अपुरेच पडतात. त्याच सुमारास आयबीएमच्या, उपचार सुचवणाऱ्या ‘वॉटसन फॉर ऑन्कॉलॉजी’चा गाजावाजा होता. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी त्याला शिकवलं होतं, आणि भारतात मणिपाल समूहाने तो घेतला होता. बंगळुरूच्या डॉक्टरांनी स्तनांच्या कॅन्सरच्या ६३८ केसेस त्याला देऊन २०१८मध्ये निष्कर्ष छापले: वॉटसनचा सल्ला आणि तिथल्या तज्ज्ञ मंडळाचा निर्णय ९३ टक्के केसेसमध्ये जुळला. परिषदांमध्ये या आकड्याचं फार कौतुक झालं. मला मात्र तेव्हापासून वाटत आलंय की जुळला तिथे नवं काय मिळालं? आणि जुळला नाही त्या सात टक्क्यांत बरोबर कोण होतं? त्याच वर्षी अमेरिकेत बातम्या आल्या की कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांत वॉटसनच्या काही सल्ल्यांना असुरक्षित म्हटलं आहे आणि त्याला शिकवायला खऱ्याऐवजी रचलेल्या केसेस वापरल्या गेल्या. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनने तर सव्वासहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून आपला वॉटसनचा प्रकल्प त्याआधीच गुंडाळला होता. २०२२मध्ये आयबीएमने तो सगळा धंदाच विकला.

यावरून सगळं थोतांड आहे असं मी म्हणत नाही. स्वीडनमधली ‘मसाई’ चाचणी बघा. ८० हजारांवर बायकांच्या मॅमोग्राफी दोन गटांत विभागल्या. एका गटात नेहमीप्रमाणे दोन रेडिओलॉजिस्ट, दुसऱ्यात एआयने धोक्याप्रमाणे वर्गवारी करून द्यायची, मग बहुतेक फिल्म एकाच डॉक्टरने आणि जास्त धोक्याच्या दोघांनी वाचायच्या. २०२३मध्ये पहिले निष्कर्ष आले. डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं, आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाण हजारी ५.१ ऐवजी ६.१ आलं. नीट आखलेली, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी. असं काही हाती आलं की मी मुकाट्याने मान्य करते.

पण स्वीडनमध्ये ठरलेल्या वयाच्या प्रत्येक बाईला मॅमोग्राफीचं बोलावणं घरपोच जातं. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तिशी ते एकोणपन्नाशीतल्या बायकांना विचारलं, तेव्हा स्तनांची तपासणी एकदा तरी झालेल्या ०.९ टक्के निघाल्या. तोंडाची तपासणी झालेल्याही ०.९. जी फिल्म काढलीच गेली नाही ती कुठलीही बुद्धिमत्ता कशी वाचणार? आणि आपल्याच मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं काम केलं, त्याची आठवण कोणाला असते? दहावी-बारावी झालेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१मध्ये निष्कर्ष छापून आले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनांच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्यात यंत्र एकही नव्हतं. सरकारी बैठकीत एआयच्या किऑस्कचं सादरीकरण चाललं की मला हमखास त्या सेविका आठवतात आणि मी काहीतरी तिरकं बोलून जाते. माझ्या सहकाऱ्यांना त्याची सवय झाली आहे.

मागच्या दोन-तीन वर्षांत एआय आमच्या ओपीडीत दुसऱ्याच दाराने शिरला आहे, नातेवाइकांच्या मोबाइलमधून. एकदा सकाळीच एक तरुण आत आला. तालुक्याच्या गावी टेम्पो चालवतो, वडिलांचं हिरडीचं ऑपरेशन झालेलं. वडील बाहेर बाकावर, नाकात नळी. मुलाने दार लोटून घेतलं.

‘मॅडम, खरं सांगा. बापूंची चौथी स्टेज हाय ना?’

‘कोणी सांगितलं तुम्हाला?’

त्याने मोबाइल पुढे केला. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टचा फोटो काढून त्याने चॅटबॉटला विचारलं होतं. उत्तर मराठीत होतं, भाषा आमच्या माहितीपत्रकांपेक्षा चांगली. पीटी४ए, एन०, म्हणून स्टेज ४ए. चूक एकही नव्हती. गाठ लहान असली तरी तिने जबड्याचं हाड पोखरलं की नियमाप्रमाणे ती टी४ए धरतात आणि मग स्टेज आपोआप चौथी. पण तोंडाच्या कॅन्सरची ही ४ए म्हणजे ‘संपलं’ नव्हे. बापूंच्या मानेतल्या एकाही गाठीत रोग नव्हता, कडा स्वच्छ होत्या. आम्ही त्यांना बरं करण्याच्या हेतूनेच किरण देणार होतो. तो हेतू आमच्या केसपेपरवर तसा लिहिलेलाही असतो. मोबाइलने पुढे तेही सांगितलं होतं, पण ‘चौथी’ वाचल्यावर पुढचं वाचायला मुलगा शुद्धीवर नव्हता. घरात आदल्या रात्री बैठक झाली होती. चुलते म्हणाले होते, चौथी स्टेज म्हणजे उगाच म्हाताऱ्याचे हाल कशाला, घरी घेऊन या.

‘तुम्ही आज आलात कसे मग?’ मी विचारलं.

‘मशीनचा मास्क बनवायला या म्हणून फोन आलता तुमचा. म्हटलं निदान सांगून तरी यावं.’

पाऊण तास बोलले मी त्याच्याशी. कागदावर जबडा काढून दाखवला, गाठ कुठे होती, हाडात किती गेली होती, मानेत काय सापडलं नाही. चुलत्यांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो योजनेचा: महात्मा फुले योजनेत बसतं का? बसतं म्हटल्यावर त्यांचा सूर बदलला. बापूंची ट्रीटमेंट पूर्ण झाली, ते अजून तपासणीला येतात. तोंड कोरडं पडतं म्हणून तक्रार करतात, आणि ती तक्रार ऐकताना मला बरं वाटतं.

मोबाइलवर सरसकट राग धरण्यात अर्थ नाही. एका आजींच्या नातीने नळीवाटे द्यायच्या खाण्याचं आठवड्याचं वेळापत्रक त्याच्याकडून करून आणलं होतं. नाचणीची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, अंडं फेटून, ताक किती वाजता. आमच्या आहारतज्ज्ञांनी ते तपासलं, दोन बदल केले आणि ‘दुसऱ्यांना द्यायला झेरॉक्स काढू का?’ विचारलं. पण स्टेज सांगणं आणि पेजेचं माप सांगणं यांत फरक आहे. पहिल्याला समोर माणूस लागतो, आणि तो माणूस मी असायला हवी असेल तर मला वेळ हवा.

आता मूळ मुद्द्यावर येते. प्रणालीने माझे वाचवलेले तास गेले कुठे? व्यवस्थापनाने पहिल्याच महिन्यात विचारलं, ‘मॅडम, मग आता रोज आणखी पेशंट घेता येतील ना?’ विचारणं चुकीचं नव्हतं. पण आमच्याकडे लिनॅक, म्हणजे किरण देणारं मशीन, एकच. तो सकाळी सुरू होतो आणि रात्री उशिरापर्यंत चालतो. रांग रेघांपाशी नाही, मशीनपाशी लागते. रेघा झटपट झाल्याने मशीनवरची जागा वाढत नाही. फायदा झाला तो वेगळ्या ठिकाणी. तोंडाच्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत किरण सुरू व्हायला हवेत, नाहीतर रोगाला उसंत मिळते. त्यातले दिवस जखम भरण्यात जातात, किडके दात काढण्यात जातात, योजनेच्या मंजुरीत जातात, ऊसतोडणीला गेलेला पोरगा परत येईपर्यंत जातात. आमच्या बाजूचे जे दोन-तीन दिवस प्लॅनिंगमध्ये जायचे ते आता वाचतात, आणि काठावर असलेल्या पेशंटला ते पुरतात. उरलेला वेळ मी हट्टाने ओपीडीकडे वळवला. बापूंच्या मुलाला दिलेला पाऊण तास त्यातलाच. कोणत्याही अहवालात तो दिसत नाही.

माझी खरी काळजी मात्र निवासी डॉक्टरांची आहे. आम्ही कंटाळत, पेंगत, शेकडो पॅरोटिड आखल्या, तेव्हा कुठे स्नायू आणि ग्रंथी यांच्या करड्या छटांमधला फरक डोळ्यांत बसला. त्या मुलीने नसलेली ग्रंथी पकडली कारण तिने आधी हाताने पुष्कळ आखल्या होत्या. पुढच्या बॅचने कधी आखल्याच नसतील तर ती काय पकडणार? पोलंडमधून ऑगस्ट २०२५मध्ये एक अभ्यास आला. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत एआय वापरायला लागलेल्या डॉक्टरांच्या, एआय बंद असतानाच्या तपासण्या त्यांनी मोजल्या. कॅन्सरपूर्व गाठी सापडण्याचं प्रमाण एआय येण्यापूर्वी २८.४ टक्के होतं, नंतर २२.४वर आलं. नोंदींवरून केलेला अभ्यास आहे, त्यात आणखीही कारणं असू शकतात. तरी शिकाऊ नव्हे, मुरलेल्या डॉक्टरांचे हे आकडे आहेत, आणि मला त्यांनी बेचैन केलं.

म्हणून आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना प्रणाली वापरायला मिळत नाही. दुसऱ्या वर्षीही डोक्या-मानेचे पेशंट त्यांनी आधी हाताने आखायचे, मग प्रणालीच्या रेघांशी ताडून बघायचं आणि फरकाचं कारण लिहायचं. मुलं कुरकुरतात. ‘दुसऱ्या कॉलेजात कोणी असं करत नाही’ हे मी दरवर्षी ऐकते. ऐकून घेते आणि नियम बदलत नाही. गुरुवारच्या बैठकीत प्रत्येक प्लॅनच्या रेघा मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांसमोर काप-काप करून बघितल्या जातात. खाली सही माझी असते, सॉफ्टवेअरची नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२३ची मार्गदर्शक तत्त्वंही निर्णयाची जबाबदारी माणसावरच ठेवतात. ती सही करताना मला रेघ कोणी काढली याच्याशी देणंघेणं नसतं; ती तपासली कोणी, आणि त्याला तपासता येतं का, एवढंच बघते.

पेशंटच्या घरच्यांना एक विनंती. मोबाइलला विचारायचं ते विचारा, पण जे उत्तर मिळेल ते घेऊन ओपीडीत या. त्यावर घरात निर्णय करू नका. आणि येताना फाइल पूर्ण आणा. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या, कारण काय काढलं आणि काय ठेवलं हे तिच्यातच लिहिलेलं असतं. ऑपरेशनच्या आधीच्या स्कॅनची सीडी जपून ठेवा. रोग मुळात कुठे होता हे नंतरच्या स्कॅनवर दिसत नाही. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट आणा, फोटो नको. तपासलेल्या तुकड्याचे मेणाचे ब्लॉक ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात असतात. अर्ज केला की ते मिळतात, पण कायमचे ठेवत नाहीत, तेव्हा अर्ज वेळेत करा.